सांभाळून घेणारा माणूस

सोमवार, ३ फेब्रुवारी

दुपारी जहाज कारखान्याच्या मालकांचा फोन. सेक्रेटरी नाही, मॅनेजर नाही, खुद्द मालक. "काका, वेळ आहे का?" मी म्हटलं, "तुमच्यासाठी वेळच वेळ." खरं तर सध्या ऑफिसात वेळेशिवाय दुसरं काही शिल्लकच नाही. जहाजबांधणीतली मोठ्या हुद्द्याची माणसं एके काळी माझ्या या दोन खोल्यांतून नोकरीला लागत. डिझाइनचे प्रमुख, मुख्य इंजिनिअर, तपासणी खात्यातले साहेब. आता मोठ्या एजन्सीचं मशीन अर्ज वाचतं आणि मशीनच नाही म्हणतं. माझी पद्धत जुनी. माणूस समोर बसवायचा, चहा द्यायचा आणि तो कुठे अडखळतो ते ऐकायचं. बोलणं सगळ्यांनाच येतं. अडखळणं ज्याचं त्याचं असतं.

लगेच गेलो. त्यांच्या वडिलांच्या हाताखाली मी याच कारखान्यात रिव्हेट ठोकत होतो. जुने लोक अजून मला ठोक्या म्हणतात. आज मालकांनी उठून खुर्ची दिली. बरं वाटलं, लपवत नाही.

जागा मुख्य नेव्हल आर्किटेक्टची. म्हणजे बोटीचा आराखडा ठरवणारा, आणि ती नीट तरंगेल याची हमी म्हणून खाली सही करणारा. आधीचे प्रमुख मध्येच सोडून गेले. त्यांना सगळे 'ओळंबा' म्हणतात. उंच, किडकिडीत आणि तसेच सरळ. "तब्येत," मालक म्हणाले आणि पेपरवेट फिरवत बसले. नवी दुमजली प्रवासी बोट धक्क्याला बांधलेली आहे, रंगसुद्धा झालाय आणि सही करायला माणूस नाही.

"कसा माणूस हवा?" मी विचारलं.

"हुशार खूप बघितले, काका. सांभाळून घेणारा पाहिजे."

काय समंजस मागणी! नाहीतर लोक सतरा गुण मागतात आणि शेवटी मेहुण्याला घेतात.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पहिला माणूस पाठवला. परदेशात मोठाल्या तेलवाहू जहाजांवर काम केलेला, बोलायला गोड. सकाळी गेला आणि जेवायच्या आत माझ्या दारात परत.

"काय झालं?"

"खुर्ची छान आहे हो. पण पाठीला टेका नाही."

"सांगतो त्यांना, दुसरी आणतील."

तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "काका, तुम्ही फार चांगले आहात." नोकरी नाकारताना लोक असं काहीतरी बोलतातच. नखरे आहेत सगळे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

दुसराही गेला. याने त्या बोटीच्या जुन्या चाचणीचे कागद बघायला मागितले. मॅनेजर म्हणाले, रुजू व्हा मग बघा. हा म्हणाला, बघतो मग रुजू होतो. झालं, कोंबडी आधी की अंडं आधी. संध्याकाळी फोन करून सांगतो की बायकोला गाव बदलायचा नाही. याचं लग्न मोडून चार वर्षं झालीत हे मला ठाऊक नाही असं त्याला वाटलं.

मग मी ओळंब्यांकडेच गेलो. जागा का सोडली ते कळलं तर पुढच्याला समजावता येईल. ते गॅलरीत कुंड्यांची माती उकरत बसले होते. फार काही बोलले नाहीत. "पाठीचं दुखणं आहे. मला कोणत्याही बाजूला झुकता येत नाही."

मी त्यांना माझ्या मलमाचं नाव सांगितलं. त्यांनी लिहूनही घेतलं. निघताना जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, "ठोक्या, तिकडे कुणाला पाठवतो आहेस ते बघून पाठव." म्हटलं, माझा धंदाच तो आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी

दुपारी लेकीकडे जेवलो. आमटीत मीठ नव्हतं. मी मागितलं, हिने मागितलं, जावईबापू मात्र शेवटच्या घासापर्यंत तसेच जेवले. लेक चिडली, "अहो, सांगायचं की!" तर म्हणतात, "चव वेगळी होती, मला वाटलं मुद्दाम असेल."

असा माणूस. बोटींच्या आराखड्यांचं काम एका डिझाइन ऑफिसात इमानाने करतोय. हाताखाली शिकलेली पोरं पुढे गेली, हे तिथेच, खिडकीपासून लांबच्या टेबलाशी. टॅक्सीवाल्याने चुकीच्या गल्लीत नेलं तर हेच त्याची माफी मागतील. मालक, मुकादम, साहेब, शिपाई, कुणाशी म्हणून कधी वाजलं नाही.

हात धुता धुता डोक्यात लख्ख उजेड पडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

घरी येताना हिला सांगितलं. ही म्हणाली, "घरचा माणूस आपल्या धंद्यात घालू नये."

"का?"

"उद्या काही झालं तर कुणाच्या बाजूने बसाल?"

"काय व्हायचंय?"

"मला काय माहीत? बोटी तुम्हाला कळतात. मला जावई कळतात." आणि खिडकीबाहेर बघत बसली. बायकांना चांगली गोष्ट सरळ घेताच येत नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

झालं! मुलाखत कसली, अर्ध्या तासाच्या गप्पा. मालक बाहेर येऊन माझा हात हातात घेऊन म्हणाले, "काका, हाच! हाच माणूस मी शोधत होतो. एका प्रश्नालाही 'नाही' म्हणाले नाहीत." मॅनेजर तर इतके खूश की स्वतः गाडीपर्यंत सोडायला आले.

लेक फोनवर रडली. जावईबापू म्हणाले, "बाबा, जमेल ना मला?" मी म्हटलं, "तुम्हाला नाही तर कुणाला?" त्यांना काचेची केबिन मिळणार, समोर धक्का, धक्क्याला ती पांढरी बोट. टेबलावर पाटी, मुख्य नेव्हल आर्किटेक्ट. रिव्हेट ठोकणाऱ्याचा जावई! मला आजचा दिवस विसरायचा नाही म्हणून लिहितोय.

सोमवार, १० मार्च

लेकीचा फोन. म्हणे, हे घरी आले तरी घरी नसतात. दात घासताना मध्येच थांबतात आणि आरशात बघत राहतात. परवा तिने आंघोळीच्या बादलीत प्लास्टिकचे डबे तरंगताना पाहिले, एकावर एक रचलेले. "बाबा, त्यांना तिथे काही त्रास आहे का?"

मी म्हटलं, नवा जोडा चावतोच. आठवडाभरात पाय रुळेल.

तिने फोन ठेवला. समजली असावी.

रविवार, २३ मार्च

जावईबापू एकटेच आले. मोजे घडी करावेत तसं एक एक वाक्य घडी करून समोर ठेवत होते. मी नीट ऐकलं. प्रकरण असं आहे.

कुठलीही नवी बोट वापरात येण्याआधी तिची कल चाचणी घेतात. बोट शांत पाण्यात मोकळी ठेवायची, तिच्या डेकवर लोखंडी वजनं या बाजूकडून त्या बाजूला सरकवायची आणि ती किती कलते ते बघायचं. बोटीच्या पोटात एक लांब ओळंबा टांगलेला असतो. तो फळीवर जितका सरकतो तितकी बोट कलली. त्यावरून बोटीचा एकूण भार किती उंचीवर आहे ते कळतं. थोडी कलली तर बोट ठाम. फार कलली तर डोकं जड. अशी बोट भर वादळात, सगळे प्रवासी एका काठाशी धावले की परत सरळ व्हायची शाश्वती नाही.

आता या बोटीवर गिऱ्हाइकाच्या हट्टापायी वरच्या मजल्यावर एक काचेचं मोठं दालन नंतर चढवलं. गाद्यांच्या खुर्च्या, खानपानाची जागा, सगळं वर. आधीच्या चाचणीत बोट जास्त कलली. ओळंब्यांनी आकडा लिहिला. मालक म्हणाले, पुन्हा बघा. ओळंब्यांनी पुन्हा तोच आकडा लिहिला. मग त्यांची पाठ दुखायला लागली.

"आता नव्याने चाचणी घ्यायची म्हणतात," जावईबापू म्हणाले. "चांगलंच आहे. मला फक्त ती नीट व्हायला हवी. बाबा, तुमच्या काळी चाचणीला दोर कसे ठेवायचे?"

"ढिले. सापासारखे पाण्यात लोंबले पाहिजेत. दोर ताणलेला असला तर बोट कलायला गेली की दोरच तिला धरतो, आणि डोकं जड असलं तरी ती ठाम दिसते."

"आणि ताणलेला असला तर कळतं कसं? मी तर खाली, ओळंब्यापाशी असणार."

"अहो, बोलतो ना तो! ताणलेला दोर करकरतो, जुन्या दारासारखा. पाणी शांत असेल तर मला दहा पावलांवरून ऐकू येईल."

जावईबापूंनी मान हलवली. "मग तुम्हीही या ना त्या दिवशी. बघायला."

सासऱ्याला आवर्जून बोलावणं! आजकाल कोण बोलावतं? जरूर येईन म्हटलं.

गुरुवार, २७ मार्च

मालकांनी जेवायला बोलावलं. पांढरी चादर, तीन तीन चमचे. पोटात घास जाईपर्यंत धंद्याची गोष्ट नाही, मग सरळ मुद्द्यावर. खाडीपलीकडे दुसरा कारखाना काढताहेत. तिथल्या सगळ्या वरच्या जागा, डिझाइन प्रमुख, मुख्य इंजिनिअर, उत्पादन प्रमुख, तपासणी, झाडून सगळ्या माझ्यामार्फत भरायच्या. एजन्सी नको, मशीन नको, काकाच हवेत. माझ्या दोन खोल्या पुन्हा भरणार!

मग रुमालाने ओठ टिपत म्हणाले, "आणि जावईबापूंना जरा सांगा, सांभाळून घ्या म्हणावं. माणूस फार सज्जन. उगीच डोक्यात किडे घेऊन बसलाय."

या खेपेला तो शब्द माझ्या कानात वेगळाच वाजला. फेब्रुवारीत तो मी माणसाचा गुण म्हणून ऐकला होता. आज तो कामासारखा ऐकू आला. पण दोन्ही वेळा शब्द तोच, बोलणारा तोच. मग फरक जेवणामुळे पडला असेल.

घरी जाताना वाट वाकडी करून जावईबापूंना भेटलो. म्हटलं, नवा माणूस पहिल्याच पंगतीत ताट सरकवत नाही. चाचणी होऊ दे, आकडा आला की आला. नंतर बोटीच्या तळाशी थोडं लोखंड घालून घ्या, हळूहळू सगळं होतं. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?

"हो बाबा," म्हणाले.

लेक दारात उभी होती. माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी चुकीच्या घरी आलोय.

मंगळवार, १ एप्रिल

आज चाचणी झाली.

सकाळ अशी शांत की धक्क्यावरच्या माणसाचं प्रतिबिंब पाण्यात मिशीसकट दिसावं. जावईबापूंनी सुरू करण्याआधी सगळे दोर स्वतः हात लावून बघितले. सगळे ढिले. मग मला मागच्या बाजूच्या खुंटाजवळ, डेकवर उभं केलं. "बाबा, तुम्ही इथेच थांबा. इथून सगळं नीट दिसतं आणि ऐकू येतं." खुर्चीही मागवली. लोक बघत होते. मी छाती जरा पुढेच काढली असेन. मग ते सरकारी तपासनिसाला घेऊन खाली, बोटीच्या पोटात गेले.

चाचणीच्या वेळी बोटीवर कुणी हलायचं नाही. जो जिथे आहे तिथे पुतळा. एकाला शिंक आली ती त्याने नाक दाबून गिळली, डोळ्यांत पाणी आलं. क्रेनने पहिलं वजन उजवीकडून डावीकडे ठेवलं. बोट जरा कलली.

दुसरं वजन ठेवलं. आणि मला ऐकू आलं.

करर्र.

माझ्या मागूनच. मान न वळवता डोळे वळवले. मागचा दोर आता पाण्यात लोंबत नव्हता. कुणीतरी मधल्या वेळात धक्क्यावरच्या खुंटाला दोन वेढे जास्तीचे मारले होते. खुंटाशी दोरांचा मुकादम बसला होता, माझ्याच वयाचा. आम्ही एका डब्यात जेवलेले. त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे.

तिसरं वजन. करर्र.

त्याच्याजवळ मॅनेजर उभे होते, हात मागे बांधून, आभाळ बघत.

मी तिथे पाहुणा होतो. पाहुण्याने यजमानाच्या घराच्या भिंती ओळंब्यात आहेत का ते सांगायचं नसतं. शिवाय एक दोर जरा ताणला म्हणून एवढ्या मोठ्या बोटीला काय होणार? शिवाय तपासनीस होताच की. शिवाय हलायचं नाही असा नियम होता. मी चार कारणं जमवली. वजनं संपेपर्यंत कारणं संपली नाहीत.

संपल्यावर मुकादम वेढे सोडत हळूच म्हणाला, "ठोक्या, कान अजून शाबूत आहेत का रे तुझे?"

"वय झालं," मी म्हटलं.

"बरं झालं," तो म्हणाला, आणि दोराकडे बघत राहिला. त्याला बरं वाटलेलं दिसलं नाही.

जावईबापू जिना चढून वर आले. हातावर काळे डाग, कपाळावर घाम. वर येताच त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी हसलो. तेही हसले.

बुधवार, २ एप्रिल

लेकीचा फोन सकाळीच. आवाज कसा, पाखरासारखा. "बाबा, आकडे चांगले आले! दालन राहू शकतं म्हणे. काल घरी आल्यावर पोटभर जेवले आणि पेंगायच्या आत घोरायला लागले. मी बाजूला बसून ऐकत राहिले, घोरणं इतकं गोड लागतं का हो? शुक्रवारी सही करतील. पहिल्या फेरीला कारखान्यातल्या सगळ्यांची घरची माणसं नेणार आहेत. तुम्ही दोघंही यायचं, वरच्या दालनात, काचेपाशी."

"येऊ की," मी म्हटलं.

ही स्वयंपाकघरात होती. "काय म्हणते?"

"आकडे चांगले आले."

"मग तुमचा चेहरा असा का?"

"कसा?"

"खोटं नाणं गिळल्यासारखा."

ऑफिसात गेलो. मालकांकडून नव्या कारखान्याच्या जागांचे तपशील आले होते. प्रत्येक जागेखाली लिहिलं होतं: सहकाऱ्यांना सांभाळून घेणारा स्वभाव आवश्यक. मी ते वाचलं आणि उमेदवार आठवायला बसलो. मला आठवणारी सगळी माणसं मीठ न मागणारी होती. मी आयुष्यभर मालकांना हेच विकलं की काय? मग त्या बोटींवर बसणारी माणसं कोण होती?

शुक्रवारपर्यंत काही झालं नाही तर सही होईल. मी काही केलं नाही तर काहीच होणार नाही. एवढं साधं आहे.

गुरुवार, ३ एप्रिल

सकाळी चहाच्या आधीच लेकीकडे गेलो. जावईबापू दाढी करत होते, अर्ध्या गालावर साबण. लेकीने विचारलं, "इतक्या सकाळी? आईला बरं आहे ना?"

"तिला बरं आहे," मी म्हटलं. मग जावयाला म्हटलं, "मागचा दोर ताणलेला होता. दुसऱ्या वजनापासून. मी ऐकला."

मला वाटलं होतं ते विचारतील, नक्की का? किंवा, कुणी ताणला? त्यांनी वस्तरा धुतला, पुसला, ठेवला.

"आकडे फारच चांगले आले होते," ते म्हणाले. "एवढे चांगले येऊ नयेत. मला खालीच शंका आली. पण म्हटलं, वर बाबा आहेत."

मी पायातली चप्पल काढायची विसरलो होतो, ती काढली.

"मी तुम्हाला उगीच नव्हतं बोलावलं, बाबा. उगीच नव्हतं मागच्या खुंटाशी उभं केलं. खालून मला काही ऐकू येत नाही. वर आलो आणि तुमच्याकडे बघितलं." साबण त्यांच्या गालावर वाळायला लागला होता. "तुम्ही हसलात."

मला वाटत होतं त्यांनी मला मान दिला. त्यांनी मला काम दिलं होतं.

लेक म्हणाली, "बाबा?" एवढंच. लहानपणी फुगा फुटल्यावर म्हणायची तसं.

"मला त्या नव्या जागांचं काम मिळत होतं," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही, आणि हे तरी खरं होतं.

जावईबापूंनी उरलेली अर्धी दाढी केली, कपडे चढवले. दारापाशी चप्पल शोधत म्हणाले, "मी आज तपासनिसांकडे जातो. चाचणी पुन्हा घ्यावी लागेल. मालक काय म्हणतील ते..." वाक्य घडी न करताच ठेवून गेले.

शुक्रवार, ४ एप्रिल

मालकांचा फोन. यावेळी सेक्रेटरीने जोडून दिला.

"काका, जावयाला काय शिकवलंत?"

"काही नाही. मीच जरा उशिरा शिकलो."

"तुम्हाला माणसं ओळखता येतात असं ऐकलं होतं."

"मलाही तसंच वाटत होतं," मी म्हटलं.

नव्या जागांचं काम गेलं. फोन ठेवल्यावर पुन्हा शांतता. दुपारभर एक माशी काचेवर आपटत होती, तिला खिडकी उघडून दिली तरी काचच हवी होती.

रात्रीच्या जेवणाला हिला सगळं सांगितलं. मला वाटलं, 'मी म्हटलं होतं ना' म्हणेल. तसं काही म्हणाली नाही. ते जास्त लागलं.

सोमवार, ७ एप्रिल

जावईबापूंचा फोन. तपासनिसाने पुन्हा चाचणी घ्यायचा लेखी हुकूम काढला. मालकांनी मान्य केला. नाही म्हणता येईना.

"बाबा, तुम्ही याल?"

"मी? आता?"

"या. पण या वेळी बोटीवर नको. खाली धक्क्यावर, दोरापाशी. हात दोरावर ठेवून उभं राहायचं. काही ऐकू आलं, काही हाताला लागलं, की ओरडायचं. कुणी काही म्हणो. आणि बाबा..."

"हां?"

"हसायचं नाही."

बुधवार, ९ एप्रिल

मुकादमाने स्वतः सगळे दोर सोडून दिले. मॅनेजर काही बोलायला पुढे आले, तर तो म्हणाला, "साहेब, आज ठोक्या आहे दोरावर. मी चहाला चाललो," आणि खरोखर निघून गेला. मी धक्क्यावर वाकून मागच्या दोरावर हात ठेवला. ओला, जाड, निवांत. पलीकडे मालक छत्रीखाली उभे होते. ऊन कडक होतं.

पहिलं वजन सरकलं. बोट कलली. दोर हातात तसाच मऊ.

दुसरं. बोट आणखी कलली. या वेळी ती कलताना दिसली. पांढऱ्या रंगाची खालची रेघ पाण्यात बुडाली आणि बाहेर आली नाही. वरच्या दालनाच्या काचांनी एकदम सूर्य पकडला आणि तो सगळा धक्क्यावरच्या माणसांच्या तोंडावर मारला. कुणीतरी डोळ्यांवर हात घेतला. हलायचं नाही हे विसरून.

तिसरं. बोट आणखी कलली, हळू, अंगातून बाहेर पडणाऱ्या उसाशासारखी. मी कान दिले. दोर काही बोलला नाही. मला वाटत होतं बोलावा. एकदाच करकर केली असती तर ओरडता आलं असतं, चाचणी थांबली असती, अजून एक आठवडा मिळाला असता. नाही बोलला.

संपल्यावर जावईबापू वर आले. मालक त्यांच्या दिशेने दोन पावलं आले. जावईबापू त्यांना ओलांडून, फळी उतरून, सरळ माझ्याकडे आले.

"काही ऐकू आलं?"

माझ्या उत्तरावर त्यांची नोकरी होती आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं. मालकही कान टवकारून होते.

"काही नाही," मी म्हटलं. "अगदी काही नाही. शेवटपर्यंत ढिला."

"बरं," ते म्हणाले. खिशातून पेन काढलं, कागद माझ्याच पाठीवर ठेवला आणि आकडा लिहिला. ओळंब्यांनी लिहिला होता जवळजवळ तोच. मग खाली सही केली. पेनाचं टोक शर्टातून पाठीला टोचलं. सही सावकाश केली, पूर्ण नावाने.

मालक गाडीकडे चालायला लागले होते.

घरी आलो. हिने दार उघडलं.

"काय झालं?"

"सही केली."

"कसली?"

"दालन उतरवावं लागेल अशी."

"म्हणजे नोकरी?"

"गेली. उद्यापासून येऊ नका म्हणाले."

हिने दाराला कडी घातली. मग म्हणाली, "उद्या दोघांना जेवायला बोलवा. आणि फोन तुम्हीच करा. मी नाही करणार."

केला. लेकीने उचलला. मी बोलावणं केलं. ती म्हणाली, "थांबा, त्यांना विचारते." रिसीव्हर हातानं झाकला, पण माझ्यापासून काय झाकणार? मला तिचं विचारणं ऐकू आलं. मग नळ सुरू झाल्याचा आणि बंद झाल्याचा आवाज. मग त्यांचा आवाज:

"येऊ म्हणावं."